लवणातलं मारवेल

आमच्या गावच्या लवणात वाढणाऱ्या गवताला एका साहेबांनी बांधावर उभं राहून कुंदा, म्हणजे रान खाणारं तण, ठरवलं, आणि तेवढ्यावरून ते कुरण नांगरून काढलं गेलं. या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ते साहेब गेले, माझे सासरे गेले, आणि तिकडं आता इमारती आहेत. माझा राग मात्र होता तिथंच आहे. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. या बाबतीत मी निवलेले नाही.

मी पुण्यात वाढलेली. वडील शाळामास्तर होते. त्यांनी हट्टानं मला कॉलेजात घातलं आणि मी वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं. मिस्टर पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात लागले होते. घर मात्र गावी, रावेतच्या पुढं पवनेच्या काठाला. रोज सायकलवरून जायचे-यायचे. घरात सासरे, सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई. शेती, म्हशी, बैल. सासऱ्यांच्या शब्दाला गावात मान होता. त्यांना आम्ही सुना मामंजी म्हणायचो.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढा नदीला मिळतो तिथं, एक मोठा खोलगट पट्टा होता. पावसाळ्यात तिथं घोटाभर पाणी उभं राहायचं आणि पुढं हिवाळा सरेपर्यंत माती ओली असायची. गाव त्याला लवण म्हणायचं. लवणात कुणी कधी पेरलं नाही. तिथं गवत यायचं, आपलं आपण, दर वर्षी त्याच ठोंबांतून. दिवाळीनंतर घरटी वाटे पडायचे, ज्यानं त्यानं आपला वाटा कापायचा, पेंढ्या बांधून गंज रचायची. उन्हाळ्यात बाकीच्या गावांना कडबा विकत घ्यावा लागायचा तेव्हा आमच्या गावच्या म्हशी या गवतावर असायच्या.

सासरी आल्यावर पहिल्या श्रावणात जाऊबाईंबरोबर मी गवताचा भारा आणायला लवणात गेले. कापायला मला नीट येत नव्हतं. जाऊबाई सरसर पुढं जायच्या आणि मी मागं एकेक काडी हातात घेऊन बघत बसायचे. त्या हसून म्हणाल्या, "ही मारवेल हाय गं. म्हस ह्येच्यावर दूध चढवती. बघत काय बसलीस?"

मारवेल हे नाव मला ऐकून माहीत होतं. पण कॉलेजात आम्हाला गवतं शिकवली ती वाळलेल्या नमुन्यांवर, डिंकानं कागदावर चिकटवलेल्या. सगळी एका रंगाची, सगळी जवळजवळ सारखी. उभं, ओलं, वाऱ्यावर हलणारं मारवेल मी कधी हातात धरलं नव्हतं. मला ते पुरतं ओळखायचं होतं. माहेराहून आणलेल्या ट्रंकेत माझं भिंग होतं. भाद्रपदात गवत तुऱ्यावर आलं तेव्हा एका दुपारी ते भिंग पदराला बांधून मी पुन्हा लवणात गेले.

ती दुपार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारींपैकी एक आहे. आधी बुडखा बघितला. काड्या बुडाशी जराशा जमिनीवर लवून मग उभ्या राहिलेल्या. काडीला पेर, आणि प्रत्येक पेरावर पांढऱ्या बारीक केसांचं गोल कडं. आठवडाभर दाढी न केलेल्या म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखं ते बोटाला लागायचं. वर तुरा. त्याची बोटं जवळजवळ एकाच जागेवरून फुटलेली, कुठं चार, कुठं सहा, जांभळट झाक असलेली. इथवर सोपं होतं. पण मारवेलच्या जवळचं आणखी एक गवत आहे, त्याच्याही पेरांवर केस असतात आणि तुराही असाच दिसतो. फरक एवढाच की त्याच्या दाण्याच्या टरफलावर सुईनं टोचल्यासारखा एक बारीक खळगा असतो. मी पंधरा-वीस ठिकाणचे तुरे खुडून भिंगाखाली धरले. खळगा कुठंही नव्हता. मग खुरप्यानं एक ठोंब उकरून मुळं पाहिली. मुळ्यांचा जुडगा होता, जमिनीखालून लांब पळणारी खोडं, ज्यांना काशा म्हणतात, ती नव्हती. म्हणजे मारवेलच. ओळख पटल्यावर मला एकटीलाच हसू आलं. सवयीनं मी दोन-चार काड्या मुळासकट वर्तमानपत्रात घातल्या आणि ट्रंकेखाली दाबून ठेवल्या.

कुंदाही मी त्याच महिन्यात पाहिला, कारण आमच्या वरच्या काळ्या रानात तो माजला होता. कुंद्याची ओळख शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. त्याच्या काशा जमिनीखाली हातभर खोल जातात, बोटाएवढ्या जाड, टोकाला अणकुचीदार. तुकडा राहिला की त्यातून पुन्हा उगवतो. मामंजी आणि थोरले दीर दर उन्हाळ्यात कुदळीनं काशा खणून बांधावर वाळत घालायचे आणि दर पावसाळ्यात कुंदा परत यायचा. ही दोन्ही गवतं एकमेकांसारखी दिसतात असं ज्यानं म्हणावं त्यानं दोन्हीपैकी एकही उपटून पाहिलेलं नसणार.

दिवाळीनंतर कापणी उरकली आणि शेतीसुधारणेचे एक अधिकारी जीपनं गावात आले. कुंदा काढायला सरकारी ट्रॅक्टर मिळणार होता. गावाला त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. मी त्या दिवशी रानात भाकरी घेऊन गेले होते, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

साहेबांनी वरच्या रानात एक काशी उकरायला लावली, हातात धरून सगळ्यांना दाखवली, आणि हा शेतीचा शत्रू कसा आहे ते समजावून सांगितलं. लोकांना ते आधीच माहीत होतं, पण लोकांनी ऐकून घेतलं. मग सगळे बांधावर आले. खाली लवण पसरलं होतं. गवत कापून नेलेलं, नुसते बुडखे उरलेले. ओल असल्यामुळं पायवाट चिखलाची होती. साहेबांच्या पायांत पॉलिश केलेले बूट होते. ते खाली उतरले नाहीत. हात लांब करून म्हणाले, "हा सगळा पट्टाही कुंद्यानं धरलेला दिसतोय. हाही घेऊन टाकू."

मामंजी म्हणाले, "साहेब, खाली मारवेल हाय. ते आमचं कुरन हाय."

"तुम्ही लोक त्याला मारवेल म्हणता," साहेब म्हणाले. "अशा पाणथळ काळ्या जमिनीत शास्त्राप्रमाणे कुंदाच येतो. तो काढून आपण तिथं सुधारित गवत लावू. वैरण दुप्पट होईल."

मामंजी गप्प राहिले. बाकीचेही गप्प राहिले. तिथं उभा असलेला प्रत्येक माणूस जन्मापासून ते गवत कापत आला होता. मी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन उभी होते आणि माझे कान तापले होते. शास्त्राप्रमाणे म्हणाले ते. शास्त्राप्रमाणे आधी खाली उतरावं लागतं. एक काडी उपटावी लागते.

साहेब चहाला आमच्या घरी आले. पडवीत सतरंजी घातली होती, गावातली जाणती माणसं बसली होती. मी ट्रंकेखालचं वर्तमानपत्र काढलं आणि उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हटलं, "साहेब, लवणातलं गवत मी तुऱ्यावर असताना तपासलंय. हे नमुने आहेत. पेरावर केसांचं कडं आहे, खाली काशा नाहीत. हा कुंदा नाही."

साहेब माझ्याकडं न बघता मामंजींना म्हणाले, "सूनबाई शिकलेल्या दिसतात."

"व्हय, बीएस्सी हाय," मामंजी म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि संकोचही होता.

"छान. पण वहिनी, कॉलेजात फुलांची नावं शिकवतात आणि शेतावरची गोष्ट वेगळी असते." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला. नमुन्यांसाठी हात पुढं केला नाही. मी कागद पुढं धरून उभीच होते.

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, तू आत जा."

मी आत गेले. चुलीपुढं बसून जाऊबाई भाकऱ्या भाजत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातला कागद घेऊन फडताळावर ठेवला आणि मला पीठ मळायला दिलं. मला वाटतं त्या दिवसाइतकं कडक पीठ त्या घरात कुणी मळलं नसेल.

मिस्टरांना सांगितलं तर ते सायकलची साखळी पुसत म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबरच असणार. पण बाबांच्या पुढं मी काय बोलू? शिवाय साहेब माणूस." मी म्हटलं, साहेब माणसाला गवत ओळखता येत नाही हे सांगायला काय हरकत आहे? त्यावर त्यांनी साखळी चढवली. त्यांचा स्वभावच तसा होता. भांडणाच्या जागेवरून ते सायकल काढून निघून जायचे.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात मामंजी एकटे होते तेव्हा मी त्यांना विचारलं, तुम्हाला खरंच तो कुंदा वाटतो का?

ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला काय कळंना व्हय? मी लंगोट्या पोराएवढा व्हतो तवापास्नं मारवेल कापतोय."

"मग काल बोलला का नाहीत?"

"बोललो की. येकदा बोललो. पोरी, वरच्या रानातला कुंदा आमच्या कुदळीनं ह्या जन्मात निघायचा न्हाई. साहेब म्हनत्यात, सगळा पट्टा द्याल तर ट्रॅक्टर येईल, न्हाईतर दुसऱ्या गावाला जाईल. लवण दिलं तर वरची रानं निघत्यात. पुन्हा गवत लावून बी देनार हायती."

म्हणजे सौदा झाला होता. गावानं जाणूनबुजून खोट्याला मान डोलावली होती. आणि साहेबांनाही खरं-खोटं जाणून घ्यायची गरज नव्हती, त्यांना पट्टा सलग हवा होता. मी अडाणी म्हणून मला गप्प केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी बरोबर आहे हे माहीत असून गप्प केलं, हे मला जास्त लागलं.

संक्रांतीला मी माहेरी पुण्याला गेले. तिथून सरळ कॉलेजात. आमचे प्राध्यापक त्यांच्या टेबलापाशी बसले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. संसार कसा चाललाय विचारलं. मी वर्तमानपत्र उघडून नमुने पुढं ठेवले. ते खिडकीपाशी गेले, पेर बोटांत फिरवलं, तुरा भिंगाखाली धरला. फार वेळ लागला नाही.

"डायकॅन्थियम अॅन्युलेटम," ते म्हणाले. "सुंदर नमुना आहे. पेरावरचं हे कडं बघा, नावच त्यावरून पडलंय. कुठं मिळालं एवढं निरोगी?"

मी सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुंदा? हा?" म्हणाले. "पश्चिम महाराष्ट्रात असलं कुरण आता शोधून सापडत नाही."

"सर, तुम्ही त्यांना सांगा. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

"सांगतो की. वरचे अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत. काळजी करू नका, मी बोलतो."

मी तिळगूळ देऊन, पाया पडून आले. चिंचवड स्टेशनवर उतरून बैलगाडीतून घरी जाताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी गाडीवानाशी वाटभर गप्पा मारल्या. कुणीतरी जाणता माणूस बोलणार होता.

कुणी बोललं नाही. उन्हं तापायला लागली आणि ट्रॅक्टर आला.

आधी त्यानं वरची रानं नांगरली. ते काम चांगलं झालं हे मी नाकारत नाही. मोठमोठी ढेकळं उलटली, काशा उघड्या पडल्या, बायका-पुरुष पाट्या घेऊन त्या वेचायला लागले. मग ट्रॅक्टर लवणाकडं वळला. मी धावत गेले. नांगराच्या फाळांत, दांड्यांत, सगळीकडं कुंद्याच्या काशांचे तुकडे अडकले होते. लोंबत होते.

मी ड्रायव्हरला हात करून थांबवलं. "भाऊ, आधी नांगर साफ करा. हे तुकडे खाली गेले तर तिथं कुंदा उगवेल."

त्यानं वाकून पाहिलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, साहेबांनी सांगितलंय खाली बी कुंदाच हाय. मंग साफ करून काय करायचं?"

मी दोन-चार तुकडे हातानं ओढून काढले. तेवढ्यात थोरले दीर आले आणि म्हणाले, बाजूला व्हा, लागंल. ट्रॅक्टर खाली उतरला. बुडखे मुळासकट उलटे होत गेले. मारवेलच्या मुळ्यांचे जुडगे आभाळाकडं तोंड करून पडले आणि उन्हानं दोन दिवसांत वाळून गेले. जाऊबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "सासूबाईंच्या बी सासूनं कापलं व्हतं हितलं गवात," एवढंच म्हणाल्या.

ओढ्याकडच्या बाजूला ओल फार होती. तिथं ट्रॅक्टर रुतला. ड्रायव्हरनं जोर केला तशी चाकं आणखी खाली गेली. शेवटी गावातल्या बैलांच्या जोड्या लावून ते धूड बाहेर काढलं. ड्रायव्हर पुन्हा तिकडं गेला नाही, म्हणून ओढ्याकडेची एक चिंचोळी पट्टी तेवढी वाचली.

आषाढात चाकणच्या बाजूनं एक ट्रक आला. त्यात पोती होती, ओल्या गोणपाटानं झाकलेली. सुधारित गवताचे ठोंब. ते लावायला गावातल्या बायकांना बोलावलं. मी पण गेले. पहिलं पोतं उसवलं, ठोंब बाहेर ओतले, आणि सगळ्याजणी हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. मी एक काडी उचलली. पेरावर पांढऱ्या केसांचं कडं.

जाऊबाई म्हणाल्या, "ही तर आपलीच की गं."

मी ती काडी घेऊन बांधावर बसलेल्या मामंजींकडं गेले. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी नखानं ते कडं खरवडून पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्या क्षणी त्यांच्यावर रागावता येईना. साहेब जीपजवळ उभे होते. मामंजी उठून त्यांच्याकडं गेले, मी मागोमाग.

"साहेब, ही मारवेल हाय."

"होय. सुधारित मारवेल. निवड केलेली जात आहे. तुमची ती गावठी होती."

"म्हंजी आमची मारवेल व्हती तर."

साहेब क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "तसं नव्हे. आता या वादात काय अर्थ आहे? पाऊस वाढायच्या आधी लागण झाली पाहिजे." आणि ते पोती मोजायला निघून गेले.

मला अजून नवल वाटतं ते या गोष्टीचं की त्यांना लाजही वाटली नाही. चूक कुणाचीही होते. मी स्वतः कॉलेजात गवतं चुकीची ओळखली आहेत आणि मार्क घालवले आहेत. पण चुकल्याचं समोर दिसत असताना एखाद्यानं नुसतं तोंड फिरवून चालू लागावं, आणि त्याला कुणी अडवू नये?

त्या पावसाळ्यात लवणात नेहमीसारखं पाणी भरलं. नांगरून मोकळी झालेली माती ओढ्यानं नदीत नेली. ठोंब कोवळे, मुळं धरलेली नाहीत, अर्धेअधिक कुजले. मोकळ्या जागेत लव्हाळा आला. आणि लव्हाळ्याच्या मधून, रांगेत, नांगराच्या तासांबरहुकूम, कुंदा उगवला. जिथं कधी कुंदा नव्हता तिथं. साहेबांनी बांधावरून केलेलं निदान त्यांच्याच ट्रॅक्टरनं खरं करून दाखवलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर वाटे पडले नाहीत. आमच्या दोन म्हशी जाऊबाईंच्या माहेरी, मावळात पाठवल्या. मला दिवस गेले होते. भरल्या गोठ्याच्या घरात दूध बाहेरून आणावं लागलं. सासूबाई ते तापवताना रोज पातेल्यात बघायच्या, त्यात पाणी किती आहे याचा अंदाज घ्यायच्या आणि फडक्यानं हात पुसायच्या. गावात कुणी साहेबांना बोल लावला नाही. वरची रानं सुधारली होती, ज्वारी बरी आली होती. लवणाचं काय, नशीब म्हणायचे. मला त्या नशीब शब्दाचीही चीड येते. नशिबाला पॉलिशचे बूट नसतात.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याला शेतकी प्रदर्शन भरलं. मुलगी चार-पाच महिन्यांची झाली होती, तिला जाऊबाईंकडं ठेवून मी मामंजींबरोबर गेले. मामंजींना बैलांची औजारं बघायची होती. मांडवात फिरताना वैरणीच्या विभागात एक मोठा फलक दिसला. त्यावर आमच्या गावाचं नाव होतं. कुंद्यानं व्यापलेली जमीन योजनेतून सुधारून तिथं उत्तम मारवेल घेतल्याचं लिहिलं होतं. खाली टेबलावर गवताची एक देखणी पेंढी उभी केली होती, कमरेएवढी उंच, तुऱ्यावर आलेली. लोक थांबून बघत होते.

नांगरलेल्या लवणात एवढं गवत कुठं नव्हतं. एवढं गवत फक्त ओढ्याकडेच्या त्या पट्टीत होतं, जिथं ट्रॅक्टर रुतला होता. आश्विनात साहेबांचा माणूस येऊन तिथून भारा कापून घेऊन गेला होता हे मामंजींनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा कशाला नेतोय ते कुणी विचारलं नव्हतं.

साहेब टेबलामागं उभे होते. आणि त्यांच्याशेजारी खुर्चीवर, कोटाला पाहुण्यांचं फूल लावून, आमचे प्राध्यापक बसले होते.

मी पुढं झाले. मामंजींनी या वेळी मला थांबवलं नाही. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "हे गवत तुमच्या योजनेतलं नाही. ही पट्टी नांगरलेलीच नाही. हे आमच्या लवणातलं मूळचं मारवेल आहे. बाकीचं तुम्ही नांगरून टाकलंत आणि तिथं आता कुंदा आहे. यायचं असेल त्यांनी येऊन बघावं."

बघ्यांपैकी दोन-तीन माणसं माझ्याकडं वळली. साहेब मंद हसले. "वहिनी दमलेल्या दिसतात. अरे, यांना खुर्ची द्या."

"मला खुर्ची नको. सर, तुम्ही सांगा. तुम्ही स्वतः नमुना पाहिलात."

प्राध्यापक उठले आणि मला जरा बाजूला घेऊन गेले. खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मी विषय काढला होता. पण तोवर हुकूम निघाले होते. अशा वेळी फार ताणण्यात अर्थ नसतो. आणि शेवटी मारवेलचाच प्रसार होतोय की नाही? आपलं गवत लोकांपुढं येतंय."

"सर, पश्चिम महाराष्ट्रात असलं कुरण शोधून सापडत नाही असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," ते म्हणाले. आणि खरंच त्यांचा चेहरा उतरला. पण ते परत जाऊन त्याच खुर्चीवर बसले. लोक पांगले. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, भांडण होतं वाटतं घरचं.

परतताना आगगाडी धरली. चिंचवडला उतरलो, बैलगाडीत बसलो, आकुर्डी मागं पडली तेव्हा मामंजी म्हणाले, "आज बोललीस ते बरं केलंस. पन असं तवाच बोलाया पायजे व्हतं."

मी आयुष्यात सासऱ्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या संध्याकाळी बोलले. "मामंजी, मी तेव्हाच बोलले होते. तुम्हीच मला गप्प केलंत. ते साहेब परके होते, त्यांना मी कोण? तुम्हाला तर ठाऊक होतं."

गाडीवान समोर बघत राहिला. मामंजींनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "व्हय. ठावं व्हतं."

त्यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत. पण त्या उन्हाळ्यात ते स्वतः कुदळ घेऊन लवणात उतरले. आम्ही बायका मागं पाट्या घेऊन. एकेक काशी उकरून काढायची, बांधावर नेऊन वाळवायची, जाळायची. पावसाळा लागला की ओढ्याकडच्या पट्टीतले ठोंब फोडून आणायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत लावायचे. इतर घरची माणसंही हळूहळू यायला लागली. ट्रॅक्टरनं दोन दिवसांत जे केलं ते निस्तरायला आम्हाला कित्येक उन्हाळे लागले. सरकारचं कुणी फिरकलं नाही. कुंदा पुरता निघाला नाहीच, वरच्या कडेनं तो राहिला. पण ओढ्याकडचा निम्मा भाग मारवेलनं पुन्हा धरला, म्हशी मावळातून परत आल्या, आणि माझ्या मुली घरचं दूध पिऊन वाढल्या.

ही हकिकत सांगितली की ऐकणारा हमखास म्हणतो, म्हणजे शेवटी चांगलंच झालं की. मग मी विषय बंद करते आणि चहा टाकायला उठते.